लहान शेतासाठी शक्तियंत्राची निवड : बैलजोडी, पॉवर टिलर की छोटा ट्रॅक्टर?

महाराष्ट्रात १९७०-७१ च्या कृषिगणनेत दर खातेदारामागे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ च्या कृषिगणनेत ही सरासरी १.३४ हेक्टरवर, म्हणजे सुमारे सव्वातीन एकरांवर आली. वाटण्या होत गेल्या, बांध वाढले, शेताचे तुकडे लहान झाले. नांगरट, कुळवणी, पेरणी, कोळपणी, फवारणी आणि माल घरी आणणे ही कामे मात्र पूर्वीइतकीच राहिली. चार एकरांच्या शेतकऱ्यालाही बारा एकरांच्या शेतकऱ्याप्रमाणेच मृगाच्या पावसानंतर वापसा साधावा लागतो.

अशा शेतकऱ्यापुढे आज तीन मार्ग आहेत. बैलजोडी राखणे हा पहिला, पॉवर टिलर घेणे हा दुसरा आणि छोटा ट्रॅक्टर घेणे हा तिसरा. भाड्याने काम करून घेणे हा चौथा मार्गही आहे आणि कित्येकदा तोच शहाणपणाचा ठरतो. निवड चुकली तर नुकसान एका हंगामापुरते राहत नाही. कर्जाचे हप्ते अनेक वर्षे चालतात, यंत्र मांडवात उभे राहते आणि बैल विकून टाकलेले असतात. यास्तव खरेदीपूर्वी कोणत्या गोष्टींचा विचार करावा आणि हिशेब कसा मांडावा, हे पुढे क्रमाने दिले आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा हिशेब शेतकऱ्यांबरोबर बसून, त्यांच्याच शेताचे आकडे घेऊन करावा.

आधी कामांची यादी

यंत्र पाहण्यास बाजारात जाण्यापूर्वी वर्षभरातील कामांची यादी कागदावर करावी. प्रत्येक कामापुढे किती एकर, किती पाळ्या, कोणत्या महिन्यात आणि किती दिवसांत उरकले पाहिजे, एवढे लिहावे. असे केल्यावर सर्व कामे सारखी नाहीत, हे ध्यानात येते.

उन्हाळी नांगरटीस जोर लागतो, पण ती करण्यास पुष्कळ दिवस मिळतात. पेरणीपूर्व पाळी आणि पेरणी यांना जोर कमी लागतो, पण वापसा टिकेल तेवढेच दिवस हाती असतात. कोळपणीस जोर अगदी थोडा लागतो. तेथे ओळींतून अचूक चालणे महत्त्वाचे असते. शेणखत, बियाणे, चारा आणि माल वाहून नेण्याचे काम तर वर्षभर चालते. त्यास नांगर ओढण्याची नव्हे, तर चाके, ब्रेक आणि गाडी यांची आवश्यकता असते. जे काम सर्वांत अधिक अडते, त्यासाठी यंत्र निवडावे. शेजाऱ्याने जे घेतले ते आपणही घ्यावे, ही निवडीची रीत नव्हे.

अश्वशक्ती आणि ओढ यांतील फरक

यंत्राच्या जाहिरातीत अश्वशक्तीचा आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॉट. दर सेकंदाला ७५ किलो वजन एक मीटर उचलण्याइतके ते काम होय.

बैल आपल्या वजनाच्या सुमारे दहा ते बारा टक्के एवढी ओढ दिवसभर देऊ शकतो. प्रत्येकी ४०० किलो वजनाच्या बैलांच्या जोडीची ओढ ८० ते ९० किलो येते. बैल ताशी सुमारे सव्वादोन किलोमीटर वेगाने चालतात. या दोन्हींचा हिशेब केला तर जोडीची शक्ती पाऊण अश्वशक्तीच्या आसपास भरते.

आता जमिनीची बाजू पाहू. नांगराच्या तासाची रुंदी २० सेंटिमीटर व खोली १५ सेंटिमीटर धरली, तर कापल्या जाणाऱ्या मातीचा छेद ३०० चौरस सेंटिमीटर होतो. हलक्या जमिनीत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.३ किलो ओढ लागते, म्हणजे एकूण ९० किलो. भारी काळ्या जमिनीत ती ०.६ किलो किंवा त्याहून अधिक लागते, म्हणजे १८० किलो. माळरानाच्या हलक्या जमिनीत एक जोडी जे काम निभावून नेते, त्याच कामास काळ्या रानात दोन जोड्या जुंपाव्या लागतात. वडीलधाऱ्यांचा हा अनुभव या आकड्यांशी जुळतो.

यंत्राच्या बाबतीत दुसरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. यंत्राची ओढ केवळ इंजिनावर अवलंबून नसते. चाकांवर येणारे वजन आणि मातीवर बसणारी चाकांची पकड यांवरही ती ठरते. इंजिन मोठे आणि यंत्र हलके असेल, तर चाके जागच्या जागी फिरतात व डिझेल वाया जाते. पॉवर टिलरचे वजन साधारणतः चार ते साडेचार क्विंटल असते. त्यामुळे इंजिन बारा अश्वशक्तीचे असूनही काळ्या जमिनीत खोल नांगर ओढणे त्यास कठीण जाते. त्याचे खरे सामर्थ्य फिरत्या पात्यांत आहे. ती पाती इंजिनाच्या शक्तीवर थेट फिरतात आणि माती कापीत जातात. चाकांच्या पकडीचा प्रश्न तेथे फारसा येत नाही. आठ-नऊ क्विंटल वजनाचा छोटा ट्रॅक्टर हलका नांगर, कुळव, पेरणीयंत्र, रोटाव्हेटर आणि फवारणीयंत्र अशी निरनिराळी अवजारे चालवू शकतो. चारही चाकांना शक्ती मिळणारा ट्रॅक्टर ओल्या व भुसभुशीत रानात अधिक चांगली पकड घेतो. मात्र त्याची किंमत जास्त असते.

कोणास काय मानवते

बैलजोडी : एक-दोन एकरांचे तुकडे, डोंगर उतारावरील रान आणि जेथे यंत्र नेण्यास वाट नाही अशी शेते, येथे बैलांस पर्याय नाही. कोळपणीत बैलांची बरोबरी करणारे यंत्र क्वचितच आढळते. जू आणि कोळप्याची रुंदी बदलली की कोणत्याही पिकाच्या ओळींत काम होते. एका बैलापासून दररोज सुमारे दहा किलो ओले शेण मिळते आणि त्याचे खत आपल्याच जमिनीत जाते. उणीव अशी की, बैल काम असो वा नसो, रोज चारा खातात. वर्षातील ऐंशी-नव्वद दिवस काम आणि बाकीचे दिवस दावणीला, अशी स्थिती असेल तर त्या चाऱ्याचा खर्च कामाच्या दिवसांवरच पडतो. चारा घरचा असला तरी तो फुकट नसतो. ज्या गुंठ्यांत तो पिकतो, त्या गुंठ्यांत दुसरे पीक आले असते.

पॉवर टिलर : कोकणातील भाताची खाचरे, लहान वाफे, भाजीपाला आणि अरुंद ओळींच्या फळबागा यांस हे यंत्र सोयीचे आहे. लोखंडी जाळीची चाके बसवली म्हणजे त्याने चिखलणी चांगली होते. हे यंत्र जपानच्या भातशेतीत रुळले व तेथून आपल्याकडे आले. बेंगळुरू येथे १९६७ मध्ये आणि केरळातील अथाणी येथे १९७३ मध्ये सुरू झालेल्या कारखान्यांनी जपानी सहकार्याने ही यंत्रे बनविण्यास आरंभ केला. बहुतेक कामांत चालकास यंत्रामागून चालावे लागते. बैलांच्या नांगराने १५ सेंटिमीटर तास घेत एक एकर नांगरावयाचे, तर सुमारे २७ किलोमीटर चाल पडते. टिलरच्या ६० सेंटिमीटर रुंदीच्या पात्यांनी ती पावणेसात किलोमीटरवर येते. कष्ट बरेच वाचतात, तथापि मुठींची थरथर हातांस शिणवते. यास्तव वयस्क माणसाने खरेदीपूर्वी यंत्र निदान दोन तास स्वतः चालवून पाहावे.

छोटा ट्रॅक्टर : पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर द्राक्ष, डाळिंब, ऊस आणि रुंद ओळींचा कापूस यांत फिरू शकतो. फवारणी आणि वाहतूक ही कामे वर्षभर असतील, तरच त्याची किंमत वसूल होते. ट्रॅक्टर घेण्यापूर्वी त्याची एकूण रुंदी ओळींच्या अंतराशी ताडून पाहावी. नऊ फुटांच्या द्राक्षबागेत वेलींच्या फांद्या दोन्ही बाजूंनी आत येतात आणि प्रत्यक्ष वाट सहा-सात फूटच उरते. ऊस चार फुटांवर लावला असेल, तर भरणीच्या वेळी ट्रॅक्टरची चाके सरीत बसतात की नाही, हे टेपने मोजावे. यंत्र घेतल्यावर पिकाचे अंतर बदलावे लागले, तर निवड उलट्या क्रमाने झाली असे समजावे.

काम किती वेळात होईल?

हे काढण्याची सोपी रीत अशी : अवजाराची रुंदी मीटरमध्ये घ्यावी, तीस ताशी वेगाच्या किलोमीटरनी गुणावे आणि दहाने भागावे. येणारे उत्तर ताशी हेक्टर होय. वळणे, थांबणे आणि तासावर तास येणे यांत सुमारे तीस टक्के वेळ जातो, म्हणून उत्तराचे ७० टक्केच धरावेत. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर.

पॉवर टिलरसाठी रुंदी ०.६ मीटर व वेग ताशी २ किलोमीटर घेतला, तर उत्तर ०.१२ हेक्टर येते. त्याचे सत्तर टक्के म्हणजे ०.०८४ हेक्टर, अर्थात ताशी सुमारे आठ गुंठे. एका एकरास पाच तास लागतील. एक मीटर रुंदीच्या रोटाव्हेटरसह छोटा ट्रॅक्टर ताशी अडीच किलोमीटर चालला, तर तासाला ०.१७५ हेक्टर, म्हणजे सुमारे सतरा गुंठे काम होते. एका एकरास सव्वादोन ते अडीच तास पुरतात. शेताचे तुकडे फार लहान असतील तर वळणांतच वेळ जातो आणि हे आकडे आणखी खाली येतात.

आता वापशाचे दिवस मोजावेत. वापसा चार दिवस टिकतो आणि रोज आठ तास काम होते असे समजले, तर ३२ तास मिळतात. एवढ्या अवधीत पॉवर टिलर सहा एकरांपेक्षा थोडे अधिक रान तयार करील. छोटा ट्रॅक्टर तेरा-चौदा एकर करील.

खर्चाचा हिशेब

पुढील आकडे केवळ रीत समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या भागातील दर त्या जागी घालावेत.

समजा, अवजारांसह पॉवर टिलरची किंमत २,००,००० रुपये आहे. दहा वर्षांनी त्याचे २०,००० रुपये येतील. व्याजाचा दर दहा टक्के आहे. यंत्र चालो वा न चालो, जो खर्च येणारच तो स्थिर खर्च होय. तो असा :

घसारा – १,८०,००० रुपये भागिले १० वर्षे = १८,००० रुपये
व्याज – सरासरी गुंतवणूक १,१०,००० रुपयांवर १० टक्के = ११,००० रुपये
निवारा व विमा – किमतीच्या २ टक्के = ४,००० रुपये
एकूण वार्षिक स्थिर खर्च = ३३,००० रुपये

यंत्र चालविताना येणारा खर्च तासाप्रमाणे काढावा. डिझेल दीड लिटर, ९० रुपये दराने १३५ रुपये. वंगण १५ रुपये. दुरुस्ती ३० रुपये. चालकाची मजुरी ७० रुपये. एकूण ताशी २५० रुपये. एकराच्या एका पाळीस पाच तास, म्हणजे १,२५० रुपये. चालक घरचाच असला तरी मजुरी धरावी, कारण तो माणूस त्या वेळी दुसरे काम करू शकला असता.

गावात एका पाळीचे एकरी भाडे २,००० रुपये आहे असे समजू. स्वतःच्या यंत्रामुळे दर पाळीस ७५० रुपये वाचतात. ३३,००० रुपयांचा स्थिर खर्च भरून निघण्यास वर्षात ४४ एकर-पाळ्या झाल्या पाहिजेत. चार एकरांचा शेतकरी दोन हंगामांत प्रत्येकी दोन पाळ्या घालतो असे धरले, तरी त्याच्या १६ एकर-पाळ्याच भरतात. उरलेल्या २८ पाळ्यांचा भार तो कोठून भरणार, हा खरा प्रश्न आहे.

येथे अनुदानाचा मुद्दा पुढे येतो. समजा, ८०,००० रुपये अनुदान मिळाले आणि शेतकऱ्याचे १,२०,००० रुपये गुंतले. घसारा १०,००० रुपये, व्याज ७,००० रुपये, निवारा व विमा पूर्वीप्रमाणे ४,००० रुपये, असा स्थिर खर्च २१,००० रुपयांवर येतो. तरीही २८ एकर-पाळ्यांची गरज राहते. यावरून दिसून येईल की, अनुदान मिळाले एवढ्यावरून यंत्र परवडते असे होत नाही. अनुदानाने भार हलका होतो, काम वाढत नाही.

हीच रीत छोट्या ट्रॅक्टरला लावावी. रोटाव्हेटरसह किंमत ४,५०,००० रुपये व दहा वर्षांनी येणारी रक्कम ४५,००० रुपये धरली, तर घसारा ४०,५०० रुपये, व्याज २४,७५० रुपये आणि निवारा-विमा ९,००० रुपये मिळून वार्षिक स्थिर खर्च ७४,२५० रुपये होतो. चालविण्याचा खर्च ताशी ३८० रुपये आणि एकरास २.३ तास धरले, तर एका पाळीस ८७४ रुपये पडतात. भाड्याच्या तुलनेत १,१२६ रुपये वाचतात. स्थिर खर्च निघण्यास ६६ एकर-पाळ्या लागतील. केवळ मशागतीवर एवढे काम लहान शेतकऱ्यास मिळत नाही. बागेतील फवारणी, वाहतूक किंवा दुसऱ्याच्या शेतावरील भाड्याचे काम यांची जोड असल्यासच हा मार्ग धरावा.

एकत्र खरेदी

प्रत्येकी चार एकरांचे तीन शेतकरी एकत्र आले, तर त्यांच्या ४८ एकर-पाळ्या होतात आणि वरील हिशेबातील पॉवर टिलर अनुदानाशिवायही परवडतो. पण दुसरी अडचण येथेच उभी राहते. बारा एकरांस साठ तास लागतात आणि वापशाच्या चार दिवसांत बत्तीस तासच मिळतात. पहिल्याचे शेत वेळेवर होते आणि तिसऱ्याचे मागे पडते. भागीदारी मोडण्याचे हे मोठे कारण होय. सख्ख्या भावांतही यावरून बोलणे बंद झालेले पाहावयास मिळते.

यावर उपाय आहेत. नांगरट व पहिली पाळी उन्हाळ्यातच उरकून घ्यावी, म्हणजे वापशावर एकच काम शिल्लक राहते. निदान एकाने बैलजोडी ठेवावी, म्हणजे पेरणी व कोळपणी यंत्रावर अडून राहत नाही. दोन चालक तयार करून यंत्र दिवसाचे बारा तास चालवावे, म्हणजे चार दिवसांत साडेनऊ एकर होतात. नंबर दरवर्षी फिरता ठेवावा. यंदा जो शेवटी, तो पुढील वर्षी पहिला. डिझेल कोणी भरावयाचे, मोडतोड कोणाच्या शेतात झाली तर खर्च कसा वाटावयाचा आणि एखाद्यास बाहेर पडावयाचे झाल्यास त्याचा हिस्सा कसा द्यावयाचा, हे खरेदीच्या दिवशीच लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. कागद केल्याने विश्वास कमी होत नाही, तो टिकतो.

ज्या गावात अवजारे बँक किंवा भाड्याने अवजारे देणारे सेवा केंद्र आहे, तेथे त्याचे दर आणि ऐन हंगामातील उपलब्धता आधी पाहावी. भाड्याचे यंत्र वेळेवर मिळत असेल, तर चार एकरांच्या शेतकऱ्याने कर्ज काढण्याचे कारण उरत नाही.

जमिनीची काळजी

फिरत्या पात्यांनी माती बारीक होते, रान लोण्यासारखे दिसते आणि शेतकरी संतुष्ट होतो. तथापि दरवर्षी त्याच खोलीवर ही पाती फिरविली, तर त्याखाली घट्ट थर तयार होतो. पाणी खाली मुरत नाही आणि मुळे आडवी पसरतात. मातीचे कण फार बारीक झाल्यास पहिल्याच जोरदार पावसाने वर पापुद्रा धरतो आणि उगवण कमी होते. म्हणून रोटाव्हेटर गरजेपुरताच वापरावा, खोली बदलत राहावी आणि दोन-तीन वर्षांतून एकदा भाड्याने खोल नांगरट करून घ्यावी. ओल्या काळ्या रानात यंत्र घालू नये. मातीचा गोळा मुठीत दाबून पाहावा. तो सहज फुटला तर वापसा आला, हातास चिकटला तर थांबावे.

सुरक्षितता

यंत्र निवडताना ते उलटल्यास चालकाचे काय होईल, हा प्रश्न विक्रेत्यास अवश्य विचारावा. ट्रॅक्टरला चालकामागे मजबूत संरक्षक चौकट आणि आसनपट्टा असावा. चौकट असेल तेव्हा पट्टा बांधावा, म्हणजे उलटताना चालक चौकटीच्या आत राहतो. ओढावयाची साखळी खालच्या हुकालाच अडकवावी. ती वर बांधली तर अडकलेले ओझे ओढताना पुढची चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे चालकावर पडतो. मडगार्डवर मुलांना बसवू नये.

परदेशांत मेंढपाळ व पशुपालक चार चाकांच्या उघड्या मोटारसायकलीसारखी वाहने शेतात वापरतात. ती नांगरटीसाठी नसून फिरती, हलकी वाहतूक व फवारणी यांसाठी असतात. उलटून होणाऱ्या मृत्यूंमुळे ऑस्ट्रेलियात ऑक्टोबर २०२१ पासून अशा नव्या शेतवाहनांस चालकाचे रक्षण करणारी कमान सक्तीची झाली. बांधावर वाहन चालविणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांनाही हा धडा लागू पडतो.

पॉवर टिलर चालविणाऱ्याने एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. सपाटीवर ज्या बाजूचा वळणाचा क्लच दाबावा, त्या बाजूस यंत्र वळते. तीव्र उतारावर खाली जाताना मात्र तोच क्लच दाबल्यास ते चाक मोकळे सुटून वेगाने धावते आणि यंत्र उलट्या बाजूस वळते. ट्रॉली जोडलेली असताना ही चूक प्राणघातक ठरते. म्हणून उतारावर क्लच न वापरता मुठींनीच दिशा सांभाळावी, वेग आधीच कमी करावा आणि खालचा गिअर ठेवावा. यंत्र मागे घेताना पाती बंद असलीच पाहिजेत, अन्यथा ती चालकाच्या पायांकडे येतात.

ट्रॅक्टरचा शक्तिदंड मिनिटास ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदास नऊ. धोतराचा सोगा, साडीचा पदर किंवा उपरणे त्यात गुंतले, तर माणसास सावरण्यास वेळच मिळत नाही. दंडावरील आवरण काढून ठेवू नये. पात्यांत अडकलेले तण काढण्यापूर्वी इंजिन बंद करावे. रस्त्यावर जाणाऱ्या ट्रॉलीस मागे लाल परावर्तक असावेत आणि भार ब्रेक सांभाळतील एवढाच भरावा.

खरेदीपूर्वी तपासावयाच्या गोष्टी

मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ पासून केंद्र शासनाची कृषियंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. तेथे यंत्राची प्रत्यक्ष शक्ती, ओढ, इंधनाचा खर्च, आवाज व थरथर मोजून अहवाल दिला जातो. विक्रेत्याकडे चाचणी अहवाल मागावा आणि जाहिरातीतील आकड्यांऐवजी अहवालातील आकडे हिशेबास घ्यावेत. कृषि विद्यापीठे व कृषि विज्ञान केंद्रे येथेही सल्ला मिळतो.

सुटे भाग किती अंतरावर मिळतात आणि दुरुस्ती करणारा माणूस तालुक्याच्या गावी आहे काय, हे पाहावे. वापशाच्या दिवसांत चार दिवस बंद पडलेले यंत्र हे वर्षभर बंद पडल्यासारखेच आहे. गावातील ज्या शेतकऱ्याकडे तेच यंत्र दोन-तीन वर्षांपासून आहे, त्यास भेटावे. यंत्र आपल्याच रानात चालवून दाखविण्याची मागणी करावी आणि एका तासास किती डिझेल लागले, हे टाकी भरून मोजावे.

केंद्र शासनाचे कृषि यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ मध्ये सुरू झाले. राज्यात यंत्रांच्या अनुदानासाठी महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर अर्ज करावयाचा असतो. अनुदानाचे दर व मर्यादा वेळोवेळी बदलतात, म्हणून चालू वर्षाची माहिती कृषि कार्यालयातून घ्यावी. पूर्वसंमती मिळण्यापूर्वी यंत्र खरेदी करू नये. तसे केल्यास अनुदानाचा हक्क जातो.

समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा आहे. तुकडे लहान, रान उताराचे आणि कोळपणीचे काम अधिक असेल, तर बैलजोडी राखावी व जड काम भाड्याने करावे. खाचरे, वाफे किंवा भाजीपाला असून वर्षास चाळीस-पंचेचाळीस एकर-पाळ्यांचे काम हाती असेल, तर पॉवर टिलर घ्यावा, एकट्याने किंवा शेजाऱ्यांसह. फळबागेत वर्षभर फवारणी व वाहतूक असेल, तर छोट्या ट्रॅक्टरचा विचार करावा.

यंत्र घरी आल्याबरोबर बैल विकण्याची घाई करू नये. एक पूर्ण वर्ष दोन्ही ठेवावीत. यंत्र किती तास चालले, किती डिझेल लागले आणि कोणते काम शेवटी बैलांनीच केले, याची नोंद वहीत ठेवावी. वर्षअखेर ती वही पाहून घेतलेला निर्णय शेतकऱ्यास सहसा पश्चात्ताप करावयास लावीत नाही.